खोटं काय, बल्ब की ऊर्जा?

मामांनी फोन माझ्यापुढे धरला तेव्हा मी दुसऱ्याच कशात तरी गुंतलो होतो. स्क्रीनवर एक टेबल, टेबलावर तांब्याच्या तारेचं गुबगुबीत वेटोळं, वेटोळ्याच्या मधोमध लोहचुंबक आणि शेजारी एक बल्ब. भिंतीकडे जाणारी वायर कुठेच नाही. एक हात येतो, चुंबक जरासा फिरवतो, बल्ब लागतो आणि लागलेलाच राहतो. मागून कुणीतरी भारदस्त आवाजात सांगतंय की रिकाम्या अवकाशात अमर्याद ऊर्जा ठासून भरलीय, शास्त्रज्ञांना ती केव्हापासून ठाऊक आहे, आणि ती फुकट आहे. मी अर्धा व्हिडिओ पाहूनच म्हटलं, "मामा, थोतांड आहे हे." मामांनी फोन मागे घेतला नाही. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत विचारलं, "खोटं नेमकं काय? बल्ब, की ती ऊर्जा?"

"दोन्ही," मी म्हणालो.

विषय तिथेच संपला. मामांनी फोन खिशात टाकला आणि गप्पा भलतीकडे गेल्या. रात्री दात घासताना मात्र ते 'दोन्ही' परत वर आलं. बल्ब खोटा होता, त्यात शंका नव्हती. पण ऊर्जा? तिला खोटं म्हणायचा मला काय अधिकार होता? एमएस्सीला असताना मीच ती कागदावर काढली होती, परीक्षेत तिच्यावर गुण मिळवले होते, पुढे काही वर्षं मुलांना शिकवलीही होती. प्रश्न अगदी नेमका होता आणि मी कंटाळून त्याला चुकीचं उत्तर दिलं होतं. समोरचा माणूस आपल्यापेक्षा चार बुकं कमी शिकलेला असला की हा कंटाळा फार लवकर येतो. एकीकडे व्हिडिओवाला धडधडीत खोटं बोलत होता, दुसरीकडे मीही बोललो होतो. फरक इतकाच, की माझं खोटं शिकलेल्या माणसाच्या तोंडून आलं होतं, म्हणून ते खपलं.

मामांनी उभा जन्म पंप दुरुस्त केले. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या मागे मागे हिंडायचो, पान्हे उचलून द्यायला. त्यांच्या हाताला ग्रीस आणि ओल्या लोखंडाचा वास असायचा, साबणानेही न जाणारा. विहिरीच्या काठावर मोटर घुमते आहे पण पाइपातून पाणी येत नाही, असा प्रसंग आला की मामा पंपाच्या अंगाला कान लावायचे. डॉक्टर छातीला लावतात तसा. "एअर धरलीय," एवढंच म्हणायचे. मग प्रायमिंग, म्हणजे वरची चावी खोलून बादलीने पाणी ओतायचं, फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गळत नाही ना ते बघायचं, आतून गटगट, गटगट असा आवाज येत राहायचा, आणि अचानक तो आवाज भरीव व्हायचा. पाणी आलं. एकदा मी म्हटलं, "मामा, पंप किती जोरात ओढतो ना पाणी!" ते हसले. "पंप ओढत नाही रे. पंप नुसती जागा करतो. ढकलते ती बाहेरची हवा. म्हणून तर पंचवीस फुटांच्या खाली गेलास की पंपाचा बाप आला तरी पाणी चढत नाही." हिशोबाने हवेचा दाब साधारण चौतीस फूट पाणी पेलतो, प्रत्यक्षात पंचवीसच्या आसपास दम संपतो. हे सगळं १६४३ साली इटलीतल्या तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने पारा भरलेल्या नळीवर दाखवलं, हे मला पुढे पुस्तकात भेटलं. त्या नळीत पाऱ्याच्या वर जी रिकामी जागा राहिली, ती माणसाने मुद्दाम बनवून डोळ्यांनी पाहिलेल्या पहिल्या निर्वात पोकळ्यांपैकी एक.

शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची हंडी होती. तिच्या आत टांगलेली विजेची घंटा. सर पंप चालू करायचे, पंपाची घरघर वर्गभर पसरायची आणि तिच्याआड घंटेचा आवाज हळूहळू पातळ होत जायचा. शेवटी घंटेचा टोला दिसायचा, आवाज नाही. दातखीळ बसलेल्या माणसासारखी ती घंटा थडथडत राहायची. "आता आत काय उरलं?" सर विचारायचे. "काही नाही, सर," आम्ही एका सुरात. सर समाधानाने मान हलवायचे. त्या उत्तराला पूर्ण गुण होते.

दहा वर्षांनी एका वर्गात दुसऱ्या सरांनी ते गुण परत घेतले. फळ्यावर एक दोलक होता, म्हणजे स्प्रिंगला टांगलेलं वजन समजा. आपल्या रोजच्या जगात ते वजन स्वस्थ लोंबकळत राहू शकतं. क्वांटम जगात नाही. कारण भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गने १९२७ मध्ये सांगून ठेवलंय की जागा आणि वेग दोन्ही एकदम पक्के होत नसतात, आणि स्वस्थ लोंबकळणं म्हणजे दोन्ही पक्कं होणं. म्हणून अशा दोलकाच्या ऊर्जेच्या पायऱ्या जमिनीपासून सुरू होत नाहीत, अर्ध्या पायरीवरून सुरू होतात. ही अर्धी पायरी म्हणजे शून्यबिंदू ऊर्जा. इथवर गंमत होती. मग सर म्हणाले की प्रकाशाचं क्षेत्र म्हणजे असे असंख्य दोलकच, प्रत्येक कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या हेलकाव्यांच्या प्रत्येक संख्येचा एक. हंडीतली हवा काढा, प्रकाशही काढा, काहीही ठेवू नका. प्रत्येक दोलक तरीही आपल्या अर्ध्या पायरीवर उभाच. कंप्रतांना वरची मर्यादा नाही, म्हणून बेरीज अनंत. फळ्याच्या कोपऱ्यात सरांनी ते आडवं आठाचं चिन्ह काढलं, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि डस्टर फिरवलं. "ही राशी वजा करून टाकायची. आपल्याला फक्त फरक मोजायचे असतात." खडूची भुकटी उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली. मी वहीत ती राशी खोडली, सगळ्यांनीच खोडली. अनंत ऊर्जा आणि तिच्यावर एक आडवी रेघ, असं ते पान अजून माझ्याकडे आहे.

खोडली म्हणून ती गेली नव्हती.

हेलियमचं उदाहरण मला नेहमी थोडं अस्वस्थ करतं. कुठलाही पदार्थ थंड करत गेलं की तो कधीतरी गोठतो, अणू आपापल्या जागी बसतात. हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला द्रव होतो आणि मग बसायचंच नाव घेत नाही. तापमान निरपेक्ष शून्याच्या कितीही जवळ न्या, साध्या दाबाखाली तो द्रवच राहतो. त्याचे अणू इतके हलके आणि एकमेकांना इतके सैल धरून असतात, की ती अर्ध्या पायरीची चुळबूळ त्यांना जागेवर बसू देत नाही. गोठवायचाच असेल तर त्याच्यावर हवेच्या दाबाच्या सुमारे पंचवीस पट दाब द्यावा लागतो. उष्णता सगळी काढून घेतली तरी न काढता येणारं काहीतरी आत उरतं, आणि ते बाटलीत डोळ्यांना दिसतं. 'न काढता येणारं' हा शब्द मी मुद्दाम वापरला. मामांना द्यायचं उत्तर खरं तर इथेच होतं, पण ते मला उशिरा कळलं.

हेलियममध्ये निदान अणू तरी असतात. रिकाम्या जागेचं काय? तिची गोष्ट चिखलापासून सुरू होते, म्हणजे जवळजवळ. १९४० च्या दशकात हॉलंडमधल्या आइंडहोव्हन इथे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत द्रवात तरंगणाऱ्या बारीक भुकटीचा अभ्यास चालला होता. कण एकमेकांना किती अंतरावरून ओढतात याचा हिशोब जमत नव्हता. हेन्ड्रिक कासिमिर आणि डिर्क पोल्डर यांनी तो बसवला आणि सूत्र अनपेक्षितपणे साधंसोपं निघालं. कासिमिर यांनी ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरना फिरायला गेले असताना ते सांगितलं, तेव्हा बोर शून्यबिंदू ऊर्जेबद्दल काहीतरी पुटपुटले. तेवढं पुटपुटणं पुरलं. १९४८ साली कासिमिर यांनी मांडलं की निर्वातात दोन धातूचे पत्रे अगदी जवळ, समोरासमोर ठेवले तर ते एकमेकांकडे ओढले जातील. त्यांच्यावर विद्युतभार नको, चुंबक नको, काही नको. पत्र्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सगळे तरंग मावत नाहीत, बाहेर मावतात, म्हणून आतली बेरीज बाहेरच्यापेक्षा कमी पडते. अनंतातून अनंत वजा करायचं आणि हातात एक छोटी, सुरेख, मोजता येणारी संख्या उरते. सरांनी डस्टरने पुसलेल्या राशीचा फरक मात्र पुसला जात नव्हता, तो पत्रे ढकलत होता.

ढकलत होता, ओढत नव्हता. मामांचंच वाक्य.

किती जोराने ढकलतो? पत्र्यांमध्ये एक मायक्रॉन अंतर असेल, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाइतकं, तर एक चौरस सेंटिमीटरवर पडणारा भार ग्रॅमच्या पंचाहत्तर हजाराव्या भागाइतका. म्हणजे नगण्य. पण अंतर निम्मं केलं की जोर सोळापट होतो. दहा नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे मायक्रॉनच्या शंभराव्या भागापर्यंत आलात आणि धातू आदर्श धरला, तर तो जवळजवळ हवेच्या दाबाइतका होतो. विहिरीचं पाणी पंपात चढवणारा दाब आणि निर्वाताने पत्र्यांवर टाकलेला दाब असे एका पातळीला आलेले पाहिले की मला उगाचच आनंद होतो. मोजणं मात्र जिवावरचं काम होतं. पत्रे तंतोतंत समांतर हवेत, धुळीचा एक कण मध्ये आला की संपलं. १९५८ मध्ये स्पार्नाय यांनी प्रयत्न केला, पण चुकीची शक्यता मोजमापाइतकीच मोठी निघाली आणि त्यांनी प्रामाणिकपणे एवढंच लिहिलं की निकाल सिद्धांताच्या विरोधात जात नाही. पुढे १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी एक पत्रा सपाट आणि दुसरा गोलाकार घेऊन समांतर ठेवण्याची कटकटच टाळली, पीळ मोजणाऱ्या लोलकाने जोर मोजला, आणि आकडा सिद्धांताशी पाच टक्क्यांच्या आत जुळला. जवळपास पन्नास वर्षं लागली.

तेव्हा ऊर्जा खोटी नव्हती. एवढं तरी मला मामांना त्याच दिवशी सांगता आलं असतं. इथे एक पोटकलम जोडायला हवं, नाहीतर माझेच जुने विद्यार्थी मला सोडणार नाहीत. एमआयटीतल्या रॉबर्ट जाफी यांनी २००५ मध्ये दाखवून दिलं की कासिमिरचा जोर निर्वाताच्या ऊर्जेचं नावही न घेता काढता येतो, दोन पत्र्यांच्या धातूतच असलेल्या विद्युतभारांचं एकमेकांशी असलेलं नातं एवढ्यावरच. त्यामुळे पत्रे ओढले गेले म्हणून रिकाम्या जागेत ऊर्जेचा साठा आहे हे 'सिद्ध' झालं, असं कुणी छाती ठोकून सांगू लागला तर जरा थांबावं. मी स्वतः या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना झुकत असतो, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी.

मग आकड्यांचा तमाशा. व्हिडिओतला तो भारदस्त आवाज 'अमर्याद' म्हणत होता, आणि तो शब्द त्याने हवेतून आणलेला नाही. एका कपात मावणाऱ्या निर्वातात जगातले सगळे समुद्र उकळण्याइतकी ऊर्जा असते, हे वाक्य फार जुनं आहे आणि मोठमोठ्या नावांवर खपवलं जातं. गणित एका ठरावीक ठिकाणी थांबवलं तर तसा आकडा येतोही. पण ऊर्जेला गुरुत्वाकर्षण असतं. असा किस्सा सांगतात की भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीने तरुणपणी हा हिशोब करून पाहिला आणि त्याला आढळलं, की निर्वाताची ऊर्जा खरंच एवढी असती तर विश्व इतकं आकसलं असतं की चंद्रापर्यंतही पोहोचलं नसतं. विश्व तर चांगलं ऐसपैस आहे. दूरच्या ताऱ्यांचे स्फोट पाहून १९९८ मध्ये कळलं की त्याचं प्रसरण वाढत्या वेगाने चाललंय, आणि त्यावरून रिकाम्या जागेची जी ऊर्जा निघते ती एका घन किलोमीटरला जेमतेम अर्धा ज्यूल. हातातला फोन वीतभर वर उचलायला लागते तेवढी. सिद्धांताने सांगितलेल्या आणि आकाशात दिसणाऱ्या आकड्यांत एकावर सुमारे १२० शून्यं एवढ्या पटीची तफावत आहे, आणि ती का आहे हे कुणाला सांगता आलेलं नाही. मी एकदा गंमत म्हणून हिशोब केला. अख्ख्या पृथ्वीच्या आकारमानाएवढ्या पोकळीत ही ऊर्जा भरते दीड-पावणेदोन लाख युनिट. मीटरवर मोजतो तेच युनिट. पृथ्वीएवढा डबा आणि त्यात एवढंच. समुद्र कसले उकळताय.

तरी माणसं गप्प बसली नाहीत, आणि बसू नयेतच. या वादात विरुद्ध बाजूला सगळे भोंदू बसलेत असं समजणं ही माझी 'दोन्ही'सारखीच दुसरी चूक ठरली असती. रॉबर्ट फॉरवर्ड यांनी १९८४ मध्ये एका नामांकित शोधपत्रिकेत मांडलं की अतिपातळ धातूच्या पापुद्र्यांची चवड करा, त्यांना थोडा विद्युतभार द्या. कासिमिरचा जोर पापुद्रे जवळ आणेल, भार एकमेकांना ढकलत असल्यामुळे त्या विरोधातून वीज मिळेल. तत्त्वतः चूक काहीच नाही. निर्वाताकडून खरोखर काम करून घेतलं. फक्त ते एकदाच होतं. पापुद्रे चिकटले की खेळ संपला, आणि त्यांना सुटं करायला निदान तेवढीच ऊर्जा परत घालावी लागते. फॉरवर्ड यांनी तिला बॅटरी म्हटलं, आणि ते अगदी रास्त होतं. बॅटरी केवढी? एक चौरस मीटरचे दोन आदर्श पत्रे दुरून आणून दहा नॅनोमीटरवर भिडवले, तर मिळालेली ऊर्जा एक ग्रॅमचं वजन साडेचार सेंटिमीटरही उचलत नाही. एक युनिट हवं असेल तर आठ हजार चौरस किलोमीटरहून मोठे पत्रे लागतील. मग १९९९ मध्ये फॅब्रिझिओ पिंटो यांनी एक हुशारीची युक्ती मांडली. पत्रे अर्धवाहकाचे, म्हणजे सेमीकंडक्टरचे घ्या, त्यांच्यावर प्रकाश टाकून धातूपणा कमी-जास्त करा. जवळ येताना जोर जास्त, दूर नेताना कमी, प्रत्येक फेरीला थोडी शिल्लक. वाचताना मी सरसावून बसलो होतो, खोटं कशाला बोलू. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की पत्रे जवळ असताना त्यांचा धातूपणा काढून घेणं फुकट होत नाही. तो काढायलाच जास्त ऊर्जा पडते, नेमकी तेवढी, जेवढी पुढे वाचल्यासारखी दिसते. शिल्लक दिसली की समजावं, कुठलातरी खर्च वहीत लिहायचा राहिलाय.

स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठात २०११ साली निर्वातातून प्रकाश काढला, हेही खरं. आरशाचं काम करणारा एक अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणाऱ्या विद्युतमंडलाचा तुकडा सेकंदाला अब्जावधी वेळा 'हलवला' आणि काही नसलेल्या जागेतून सूक्ष्मतरंगांचे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, जोडीजोडीने बाहेर पडले. बातम्यांचे मथळे तसेच होते, शून्यातून प्रकाश वगैरे. पण आरसा हलवायला जोर लागत होता आणि फोटॉनांची ऊर्जा त्या जोरातूनच येत होती. मासाहिरो होत्ता नावाच्या जपानी भौतिकशास्त्रज्ञाने २००८ पासून याहून विलक्षण काही मांडलंय. एका जागी निर्वाताचं मोजमाप करा, ती खबर दुसऱ्या जागी पाठवा आणि तिथल्या निर्वातातून थोडी ऊर्जा खरंच काढा. हेही छोट्या प्रयोगांत करून दाखवलं गेलंय. पण पहिल्या जागी मोजताना घातलेली ऊर्जा दुसरीकडे मिळालेल्याहून जास्तच भरते. कुठूनही गेलात तरी वाट फिरून त्याच दारात येते. सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या व्यवस्थेला कसंही हलवा, पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी आणून सोडलंत तर तिच्याकडून पै मिळत नाही. खाली जायला तिला पायरीच नाही.

निर्वाताकडून काम करून घेणारं यंत्र माणसाने फार पूर्वीच बनवलंय, हे आपण विसरतो. १७१२ मध्ये थॉमस न्यूकमेन यांनी खाणीतलं पाणी उपसायला जे इंजिन उभं केलं, त्यात वाफ दट्ट्याला ढकलायला नव्हतीच. सिलिंडर वाफेने भरायचा, गार पाणी मारून ती वाफ आटवायची, आत पोकळी झाली की बाहेरची हवा दट्ट्या दाणकन खाली दाबायची. पाहणाऱ्याला वाटावं, पोकळीच पाणी उपसतेय. मजा म्हणजे कोळसा दर फेरीला ती पोकळी नव्याने बनवण्यात जळत होता, कारण पोकळी वापरली की भरून जाते. आणि याच्या उलट टोकाला फिलाडेल्फियाचे जॉन कीली. 'इथरची', म्हणजे अवकाश भरून असल्याचं तेव्हा मानलं जाणाऱ्या अदृश्य द्रव्याची शक्ती पकडल्याचं सांगून त्यांनी १८७२ पासून पुढची पंचवीसेक वर्षं गुंतवणूकदारांना झुलवलं. १८९८ मध्ये ते वारले, लोकांनी त्यांच्या कार्यशाळेची जमीन उकरली, तर खाली तळघरात एक भलामोठा लोखंडी गोळा निघाला, दाबलेली हवा साठवायचा. न्यूकमेनने हवा उघड्यावर वापरली, कीलीने जमिनीखाली लपवून.

कीलीसारख्यांचा राग येतो, पण त्यांच्यापुढे बसून टाळ्या वाजवणाऱ्यांचा मला येत नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही आऱ्यांमध्ये पारा भरलेल्या, आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन केलंय. शून्याने भागायला निघालेला माणूस, त्यालाही ते चाक फिरेल असं वाटलं. मलाही वाटतं कधीकधी. पिंटोंच्या लेखावर सरसावून बसलो होतो तो मी भौतिकशास्त्राचा मास्तर नव्हतो, कुणीतरी फार जुना, थकलेला माणूस होता, ज्याला बादल्या ओतून कंटाळा आलाय.

पुढच्या भेटीत मी मामांकडे विषय काढला. माफीबिफी मागितली नाही, आमच्यात तसं नसतं. म्हटलं, "मामा, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. ऊर्जा खरी आहे." त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग मी हेलियम सांगितला, पत्रे सांगितले, कागदाचे दोन तुकडे हातात धरून दाखवले. ते मध्ये मध्ये 'हं' करत होते. पापुद्र्यांच्या बॅटरीपाशी मात्र लगेच म्हणाले, "म्हणजे चिकटले की पुन्हा प्रायमिंग." मी म्हटलं, "हो, आणि प्रायमिंगला जेवढं पाणी ओतलं तेवढंच वर येतं." ते थोडा वेळ गप्प बसले. "पाणी आहे म्हणतोस, पण सगळं एकाच पातळीला. उतार नाही."

मी मान हलवली. उपमा पूर्ण बसत नाही, कारण सपाट तळ्यातलंही पाणी पंपाने बाहेर काढता येतं आणि निर्वात काढता येत नाही, पण त्या क्षणी मला वकिली करायची नव्हती.

"आणि ही पातळी म्हणजेच तळ, हे कशावरून?"

हा प्रश्न मी वर्गात एकाही मुलाकडून ऐकला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली. सांगितलं की ते पक्कं नाही. भौतिकशास्त्रज्ञ सिडनी कोलमन यांनी १९७७ मध्ये याचं गणित मांडलं होतं, आणि हिग्ज कणाचं, म्हणजे इतर मूलकणांच्या वस्तुमानाशी जोडलेल्या कणाचं वस्तुमान मोजल्यावर जे आकडे हाती आलेत, त्यांवरून आपला निर्वात कदाचित खरा तळ नसून मध्येच अडकलेलं एखादं टप्प्यावरचं तळं असू शकतं. तसं असेल तर कधीतरी, कुठेतरी, एक बुडबुडा खऱ्या तळावर घसरेल आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फुगत सुटेल. "म्हणजे तेव्हा ऊर्जा सुटेल?" सुटेल, प्रचंड सुटेल. पण बुडबुड्याच्या आत अणूही आज आहेत तसे राहणार नाहीत, आणि येतोय हे कळायच्या आत तो आपल्यावरून गेलेला असेल. "केव्हा?" विश्वाचं आजचं वय ज्याच्यापुढे चुटकीसारखं वाटेल इतक्या काळाने, असा अंदाज. मामांनी सुस्कारा सोडला. "मग बरंय. आहे ते राहू दे."

निघताना मी सहज म्हणालो की तो व्हिडिओ मात्र खरंच खोटा होता हं. मामा माझ्याकडे असे बघायला लागले, जसं लहानपणी मी चुकीच्या मापाचा पान्हा दिल्यावर बघायचे.

"ते मला पहिल्याच वेळी कळलं होतं. टेबलाचा एक पाय बाकी तिघांपेक्षा जाड होता, बॅटरी त्यात. ते कुठे विचारत होतो मी तुला?" त्यांनी फोन काढला, व्हिडिओ लावला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. जाड पाय कडेला सरकून गेला, स्क्रीनभर तांब्याची तार. "पण वाइंडिंग बघ कसलं केलंय. एक वेढा दुसऱ्यावर चढलेला नाही. हाताने केलंय हे, मशिनने नाही."

आम्ही दोघं बराच वेळ ते वेटोळं बघत बसलो.